दादाच्या प्रश्नाला उत्तर

प्रिय दादास,
प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

परवा फोनवर तू विचारलंस, "सगळं कृपेनंच होतं, तर पहाटे उठून गुडघे टेकायचे कशाला?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलेय.

फिलिप्पैकरांस पत्राचा 2रा अध्याय काढ. 12व्या वचनात पौल म्हणतो, भीत व कापत आपलं तारण साधून घ्या. 13व्यात लगेच म्हणतो, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्या ठायी साधून देणारा देव आहे. मधला शब्द बघ. मी इतकी वर्षं तिथं मनातल्या मनात 'पण' वाचत होते. तिथं 'कारण' आहे! देव आत काम करतोय, म्हणूनच आपण झटायचं. आणि हे पौल बंदिवासातून लिहितोय.

तुझा प्रश्न जुनाच आहे. माणूस स्वतःच्या बळावर देवाच्या आज्ञा पाळू शकतो, या पेलाजियसच्या शिकवणीवरून वाद पेटला तेव्हा 418 साली कार्थेजच्या धर्मसभेनं स्पष्ट सांगितलं, की कृपेमुळे आज्ञा पाळणं नुसतं सोपं होतं असं नाही, तिच्यावाचून ते जमतच नाही. आधार घेतला तो योहान 15:5चा, जिथं येशू म्हणतो, माझ्यावाचून तुम्हाला काही करता येत नाही.

मला हे कळलं ते एका माणसामुळे. कामावर एकीनं माझ्याविषयी खोटं सांगितलं होतं. मी रोज सकाळी तिचं नाव घेऊन प्रार्थना करायचं ठरवलं. कित्येक आठवडे शब्द नुसते ओठांवर, दात आवळलेले. एकदा नाव घेतलं आणि पुढं बोलवेचना, तशीच बसून राहिले. गेल्या महिन्यात ती जिन्यात रडताना दिसली. मी जवळ जाऊन तिचा हात धरला. खोलीवर परतल्यावर लक्षात आलं, राग आठवलाच नाही.

तो राग मी काढला नाही, दादा. माझ्यानं ते झालंच नसतं. पण त्या सगळ्या सकाळी मी प्रार्थनेला बसले नसते, तर मी त्या जिन्यावरून मान फिरवून गेले असते, हेही खरं.

मार्कच्या 4थ्या अध्यायातला माणूस बी टाकतो, झोपतो, उठतो. जमीन आपोआप पीक देते. आपोआप, तरी बी टाकावंच लागलं.

प्रार्थना कोरडी पडलीय म्हणालास. तशीच घेऊन बस. 63वं स्तोत्र मोठ्यानं वाच, तेही कोरड्या, रूक्ष भूमीतच सुरू होतं. सकाळी मी तुझं नाव घेतेच आहे.

आईबाबांना सलाम सांग.

तुझी धाकटी