त्या रात्रीच्या सिस्टरना

सिस्टर,

त्या रात्री तुमचं नाव विचारायचं सुचलंच नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे.

दहा महिन्यांची माझी लेक तापाने फणफणली होती. थर्मामीटरवर १०३. औषध देऊनही ताप हलत नव्हता आणि मी सारखं एकच विचारत होते, "ताप डोक्यात तर जाणार नाही ना?"

तुम्ही आधी तिचं झबलं वर केलंत. घड्याळ समोर धरून पूर्ण एक मिनिट तिचं पोट वरखाली होताना मोजलंत. "बेचाळीस श्वास. या वयात पन्नासच्या आत हवेत. फासळ्याही आत ओढल्या जात नाहीयेत." मग शू कधी केली, दूध ओढतेय का, तुमच्याकडे बघून हसते का, असं एकेक विचारलंत. गार पाण्याने अंग पुसत होते म्हटल्यावर म्हणालात, "नको. ती कुडकुडली की आणखी तापेल. एक थर कपडे कमी करा, पुरे."

आणि मग बाटली मागितलीत. थेंबांचं औषध संपलं म्हणून मी सिरप आणलं होतं आणि सवयीने तेच १.२ मिली देत होते. तुम्ही लेबलवर बोट ठेवलंत. थेंबांच्या १ मिलीत १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल होतं, या सिरपच्या ५ मिलीत १२०. म्हणजे लेकीला जेमतेम पाव डोस जात होता! माझे पाय लटपटले. "याच्या उलट, थेंब सिरपच्या मापाने दिले असते, तर ते फार धोक्याचं होतं. आत्ता कळलं ते बरं झालं," एवढंच बोललात. बोल लावला नाहीत. आई म्हणून त्या क्षणी मला त्याचीच सगळ्यात जास्त गरज होती.

लेकीचं वजन केलंत, ८ किलो. ड्यूटीवरच्या डॉक्टरांना विचारून खोक्यावर पेनाने लिहून दिलंत: वजन, तारीख, ५ मिली, सहा तासांच्या आत पुन्हा नाही. तारीख अशासाठी, की वजन वाढलं की डोस पुन्हा विचारायचा.

निघताना सहज म्हणालात, "तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर १००.४ लाही घरी थांबायचं नाही." तेव्हा ते माझ्या उपयोगाचं नव्हतं. पण गेल्या महिन्यात जाऊबाईंच्या दीड महिन्याच्या बाळाला १००.६ ताप आला. दूध जरा कमी पीत होतं, बाकी शांत होतं. घरातले सगळे म्हणाले, सकाळी बघू. मी ऐकलं नाही, रात्रीच घेऊन गेलो. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. आता बाळ घरी आहे, पोटभर दूध पितंय.

जाऊबाईंनी तुम्हाला नमस्कार सांगितला आहे.

तुमची,
त्या रात्रीची घाबरलेली आई