पोळ्याचा बैल अन् उपग्रह एकाच पोस्टरवर

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरातलं मुलांचं पान आमच्या शाळेत फळ्याशेजारी चिकटवलेलं असते, पोरं ते येताजाता वाचतात, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहून राहिलो. मागे एकदा त्या पानावर चांद्रयानाची माहिती आली होती, माहिती चांगलीच होती, पण सोबतचं चित्र अमेरिकेच्या स्पेस शटलचं होतं, पंखवालं. सातवीतल्या एका पोरीनं ते पकडलं. शटलचं शेवटचं उड्डाण जुलै २०११ मध्ये झालं, म्हणजे ही पोरगी जन्मायच्या आधीच ते बंद पडलं होतं, अन् आपलं चांद्रयान-३ ज्या एलव्हीएम-३ रॉकेटवर गेलं त्याले पंख नाहीतच, मधे एक उंच नळकांडं अन् दोन बाजूंना दोन जाडजूड बूस्टर. ती म्हणे, सर, पेपरवाल्यांना आपणच चित्र काढून पाठवू ना. त्या एका वाक्यानं हे पत्र लिहायला लावलं.

दोष काही एकट्या तुमचा नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी विक्रम लँडर चंद्रावर टेकलं तेव्हा आम्ही सगळे शाळेतच थांबलो होतो, पोरं, काहींचे मायबाप, दोन म्हातारे, अन् टेकल्याबरोबर जो गलका झाला तो मी विसरूच शकत नाही. नंतर तो दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून जाहीर झाला, तर २०२४ ला आम्ही हौसेनं सहा बाय चारचा फ्लेक्स तालुक्याला करायला दिला. आला तेव्हा पाहवत नव्हतं. कुठूनतरी डाउनलोड केलेलं तेच शटल, ताणून ताणून मोठं केलेलं, सगळं चौकोनी ठिपक्यांचं, अन् ‘राष्ट्रीय’ शब्दातलं जोडाक्षर तुटून अक्षरं इकडेतिकडे. पोरं त्या फ्लेक्सकडे पाहून काहीच बोलली नाहीत. जे पोट्टं वर्षभर वहीच्या मागच्या पानावर रॉकेट काढते त्याचं एकही रॉकेट त्यावर नव्हतं, मग बोलणार तरी काय.

तेव्हा ठरवलं की पुढचं पोस्टर आपण स्वतः काढायचं, कॉम्प्युटरवर, व्हेक्टरमध्ये. मी चित्रकला शिकवतो, हात कागदावर बसलेला, माउस धरून चित्र काढायचं म्हणजे सुरुवातीला लय जड गेलं. शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर इंकस्केप टाकलं. हे सॉफ्टवेअर फुकट आहे, चोरीची कॉपी नाही, २००३ पासून जगभरातले लोक मिळून ते बनवतात अन् कोणालाही वापरू देतात. आमच्याकडच्या फ्लेक्सच्या दुकानांत कोरलड्रॉ चालते, शहरात इलस्ट्रेटर चालते, त्याचे पैसे लागतात, खेड्यातल्या शाळेले ते कुठून परवडणार.

व्हेक्टर म्हणजे काय ते पोरांना मी असं सांगितलं. मोबाईलमधला फोटो म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, ठिपके बोटभर अंतरावर असले तर छान दिसते, तीच रांगोळी ताणून अंगणभर केली तर ठिपके लांब लांब जातात अन् चित्र हरवते, आपल्या फ्लेक्सचं हेच झालं. व्हेक्टर म्हणजे खुंटी अन् दोरी. शेतात खुंटी ठोकून दोरी फिरवली की गोल निघतो, मोठा गोल पाहिजे तर दोरी वाढवा, गोल तसाच नितळ. कॉम्प्युटर फक्त खुंटी कुठे अन् दोरी किती एवढंच लिहून ठेवते. खरंच लिहून ठेवते, व्हेक्टर चित्राची जी एसव्हीजी फाइल असते ती साध्या नोटपॅडमध्ये उघडली तर आत आकडे अन् शब्द दिसतात. म्हणून एकच फाइल वहीएवढी छापा नाहीतर ग्रामपंचायतीच्या भिंतीएवढी, फाटत नाही.

आता काढायचं काय. पोरांनी नेटवर जुन्या काळातली अंतराळाची पोस्टरं पाहिली, १९५७ ला स्पुटनिक गेलं, १९६१ ला गागारिन गेला, त्या वर्षांतली रशियाची अन् अमेरिकेची, टोकदार रॉकेट, मागे किरणं, कडीवाला शनी, रंग मोजके चार-पाच. रंग मोजके कारण छापताना प्रत्येक रंगाचा वेगळा छाप मारावा लागायचा, जितके रंग तितका खर्च. त्याच जुन्या ढंगात नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेनं २०१६ मध्ये दूरच्या ग्रहांच्या सहलीची पोस्टरं काढली, तीही पोरांना आवडली. पण मला वाटून राहिलं की आपलं जुनं कुठे आहे यात? दिवाळीच्या रॉकेटच्या पुड्यावरचं लेबल, काडेपेटी, जुन्या कॅलेंडरवरचे देव, हे पण तसंच ना, मोजके रंग, थोडे सरकलेले छाप. मग मी त्यांना इस्रोचा तो १९८१ चा फोटो दाखवला, ॲपल नावाचा उपग्रह बैलगाडीवर ठेवलेला.

वर्गात एकदम आवाज झाला, ‘सर, हे त आपली बंडीच व्हय नं!’

हा फोटो लोक आपण किती गरीब होतो हे दाखवायला वापरतात अन् मला त्याचा राग येतो साहेब. उपग्रहाच्या अँटेनाची टेस्ट करायची होती, लोखंडी गाडीवर ठेवला तर गाडीचं लोखंड मधे लुडबुड करते, रीडिंग बरोबर येत नाही, म्हणून धातूची गाडी टाळून बैलगाडी आणली. हा विचार करून घेतलेला निर्णय होता, स्वस्त अन् अचूक. तोच ॲपल १९ जून १९८१ ला फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान रॉकेटनं वर गेला. ज्याच्या घरी बंडी आहे अशा पोराला हे कळलं तर त्याची मान किती ताठ होते ते मी डोळ्यांनी पाहिलं.

मग पोस्टरवर बंडी, बंडीवर उपग्रह, अन् बैलांच्या अंगावर पोळ्याची झूल. पोळा अन् २३ ऑगस्ट बऱ्याचदा आसपासच येतात, म्हणून ते जमूनही गेलं.

काढताना जे झालं ते जरा सविस्तर सांगतो कारण खरी मजा त्यातच आहे. कागद ए-थ्री घेतला, २९७ बाय ४२० मिलिमीटर. मागची किरणं काढायला एक लांब निमुळता त्रिकोण केला, त्याच्यावर दोनदा क्लिक केलं की मधे एक बारीक अधिकचं चिन्ह येते, तो फिरायचा मध्य, ते ओढून त्रिकोणाच्या टोकावर ठेवलं, मग कंट्रोल-डीनं कॉपी करून कंट्रोल दाबून फिरवलं. कंट्रोल दाबलं की पंधरा-पंधरा अंशांच्या टप्प्यानं फिरते, आम्ही दोन टप्पे घेतले, तीस अंश, अशी बारा किरणं झाली. दुसऱ्या दिवशी बंडीचं चाक काढायची वेळ आली तर एक पोट्टं उठून म्हणे, सर, आरे पण तसेच फिरवून घ्या ना, सूर्य अन् चाक एकच आहे. मी हे शिकवलं नव्हतं. चाकाची धाव काढायला मोठ्या गोलातून लहान गोल वजा केला, डिफरन्स म्हणतात त्याले. एक जण म्हणे ही त लाडबोरीची कडी झाली, २ एप्रिल २०२२ ला चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळ आकाशातून रॉकेटची धातूची कडी पडली होती ती, पोरांना सगळं लक्षात असते.

बैलाचं शिंग मात्र चार तास घेऊन गेलं. पेन टूलनं नोड, म्हणजे रेघेवरच्या खुंट्या, टाकायचे, प्रत्येक नोडला दोन कान असतात, कान ओढला की रेघ वळते. पोरं आधी वीस-वीस नोड टाकायची, शिंग खडबडीत व्हायचं, करवतीसारखं. नोड काढत काढत तिनावर आणलं तेव्हा ते शिंग झालं. ही वळणाची रीत फ्रान्सच्या रेनो कंपनीतल्या पिएर बेझिए या इंजिनिअरच्या नावानं ओळखली जाते, मोटारीच्या पत्र्याचे बाक काढायला त्यानं ती वापरात आणली, अन् आमच्या इथं त्याच रेघेनं खिल्लारी शिंग निघालं. शेजारच्या दादांचे बैल उभे करून बाजूनं फोटो काढला होता, तो खाली ठेवून वरून रेघ मारली. मधे कोणी म्हणालं, एवढं कशाला करता, एआयला सांगा, दोन मिनिटांत देते. करून पाहिलं बाप्पा. चित्र चकचकीत आलं, पण जू बैलाच्या पोटाखालून गेलेलं. आमच्या पाचवीच्या पोराला पण ठाऊक आहे जू कुठे बसते.

रंग पाचच घेतले, शेंदरी, हळदीचा, मोरपंखी, कोऱ्या मांजरपाटाचा अन् काळ्या मातीचा. काळ्या रंगावर वर्गात बराच वेळ बोललो. आपली कापसाची काळी जमीन बेसॉल्ट खडक झिजून झालेली, चंद्रावर जे काळे डाग दिसतात ते पण बेसॉल्टच, अन् आमच्या इथून जवळचं लोणार, तिथं उल्का येऊन आदळली ती बेसॉल्टवरच, जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा, म्हणून तर शास्त्रज्ञ चंद्रावरचे खड्डे समजून घ्यायला लोणारला येतात. तर पोस्टरच्या खालची जमीन, लोणारची कड अन् वर चंद्राचे डाग या तिन्हींना आम्ही एकच काळा दिला. पाणी थोडं गुलाबी करावं का यावर भांडण झालं, जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालेलं अर्ध्या वर्गाले आठवत होतं, शेवटी पाच रंगांचा नियम मोडायचा नाही म्हणून शेंदरीच फिका करून वापरला.

अक्षरं. याची मला सगळ्यात जास्त काळजी होती. बऱ्याच दुकानांत अजून जुने फॉन्ट आहेत, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठीचे तुकडे बसवलेले, त्यात आपण मोबाईलवर टाइप केलेलं युनिकोड टाकलं की गोंधळ होतो, किंवा सॉफ्टवेअरच जुनं असते अन् त्याले जोडाक्षर जोडता येत नाही. इंकस्केपमध्ये ‘राष्ट्रीय’ नीट आलं. फॉन्ट फुकटचे अन् चांगले आहेत, बालू आहे, मुक्त आहे, आम्ही यात्रा वन घेतला कारण तो रेल्वे स्टेशनच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून केलेला आहे, म्हणजे जुना ढंग आपोआप आला. छापायला द्यायच्या आधी अक्षरांचं ऑब्जेक्ट टू पाथ केलं, म्हणजे अक्षरांच्या साध्या रेघा करून टाकल्या, मग दुकानात तो फॉन्ट असो नसो, अक्षर फुटत नाही. अन् व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना फोटो म्हणून नाही, फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली, फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सअ‍ॅप त्याले दाबून लहान करते. फ्लेक्सवर मोरपंखी थोडा मळका आला, स्क्रीनचा रंग उजेडाचा असतो अन् छापलेला शाईचा, हे पुढच्या वेळी आधी छोटा प्रिंट काढून पाहू.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत पोरं संकल्पचित्र करतात, कर्तव्यभूमिती करतात, अक्षरलेखन करतात. वर जे सांगितलं त्यात हे तिन्ही आहे. तरी चित्रकला स्पर्धेत हे पोस्टर पाठवलं तर आम्हाला सांगितलं की कॉम्प्युटरवर काढलेलं चालत नाही, ते हातचं नाही. साहेब, त्या शिंगाचे तीन नोड ते काढणाऱ्या पोरीच्या हातानंच बसलेले आहेत, चार तास मी शेजारी बसून होतो. फोटो डाउनलोड करून चिकटवणं अन् रेघ स्वतः ओढणं यातला फरक स्पर्धा घेणाऱ्यांनी समजून घ्यावा, नुसती फाइल उघडून दाखवा म्हटलं तरी कळते, प्रत्येक रेघ वेगळी निवडता येते.

तर विनंती एवढीच आहे. येत्या २३ ऑगस्टला तुमच्या मुलांच्या पानावर अर्धी जागा खेड्यातल्या पोरांनी स्वतः काढलेल्या अंतराळाच्या चित्रांना द्या, कागदावरची असोत की व्हेक्टरमधली. त्या दिवसापुरतं डाउनलोड केलेलं चित्र नको. बुलडाण्याचं पोरगं लोणार काढेल, चंद्रपूरचं ती कडी काढेल, आम्हाला पण पाहायचं आहे कोण काय काढते ते. बक्षीस नसलं तरी चालेल, खाली नाव अन् गावाचं नाव तेवढं छापा.

आमचं पोस्टर वेगळ्या मेलनं पाठवून राहिलो, एसव्हीजी आहे, तुमच्या ऑफिसात उघडली नाही तर सोबत पीडीएफ पण जोडली आहे. छापताना बंडीचं चाक कापू नका, आरे पोरांनी मोजून बसवले आहेत.

आपला,
एक चित्रकला शिक्षक
ता. मेहकर, जि. बुलडाणा