धर्मग्रामांच्या नोंदवह्या जपायला हव्यात

माननीय संपादक महोदय,

वसईतील नंदाखाल, निर्मळ, सांडोर या गावांत चर्च म्हणजे केवळ रविवारच्या मिस्सेचे (सामूहिक उपासनेचे) ठिकाण नव्हे. धर्मग्रामातील, म्हणजे त्या चर्चशी जोडलेल्या वस्तीतील, बाप्तिस्मे, लग्ने आणि दफनविधी यांची नोंद तेथील जाडजूड वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासनेत लॅटिनऐवजी मराठी रुळली आणि नंदाखालचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, याचा गावाला रास्त अभिमान आहे. मात्र किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत जुन्या वह्यांची पाने कडांना तपकिरी पडून ठिसूळ होतात, शिवणीत कसर लागते आणि ते जुने वळणदार अक्षर लावू शकणारी माणसेही कमी होत चालली आहेत. सणापूर्वीच्या रंगरंगोटीला वर्गणी चटकन जमते. कपाटातल्या कागदांसाठी ती कोणी मागतही नाही! वसई धर्मप्रांताने प्रत्येक धर्मग्रामातील वह्यांची स्कॅन केलेली प्रत तयार करून घ्यावी, हयात व्यक्तींचा तपशील गोपनीय ठेवावा आणि या कामात गावातील संगणक जाणणाऱ्या तरुणांना सामावून घ्यावे, ही विनंती.

— एक वाचक, वसई