केळी माझ्या पायांना चालत नाहीत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

केळी खा, सेरोटोनिन (नसांमध्ये निरोप पोचवणारं रसायन) वाढेल आणि मन आनंदी होईल, असं सांगणारा कालच्या पुरवणीतला लेख आमच्या सोसायटीत सगळ्यांनीच वाचलेला दिसतो, कारण संध्याकाळी दोन शेजारणी केळी घेऊन दारात हजर. लेखकाच्या हेतूबद्दल शंका नाही. पण केळ्यातलं सेरोटोनिन पोटातून मेंदूत शिरत नाही, आणि शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यातच असतं, एवढं तरी छापायचं!

मला मधुमेहामुळे पायांच्या नसांचा त्रास आहे. खडा टोचला तर कळत नाही, आणि गोधडी नुसती टेकली तरी आग होते. नाशिकच्या जानेवारीत पाय उघडे टाकून झोपून बघा म्हणजे समजेल. त्यावर डॉक्टरांनी ड्युलॉक्सेटिन नावाची गोळी लिहून दिली. औषधाच्या दुकानातल्या मुलाने चिठ्ठी बघून भर काउंटरवर विचारलं, "काकू, डिप्रेशनची गोळी तुम्हालाच का?" मागे भजनी मंडळातल्या दोघी उभ्या. पुढच्या गुरुवारी अख्खं मंडळ माझ्याशी इतकं जपून बोललं, की मलाच वाटलं घरात काही घडलंय.

डिप्रेशनवरही ती देतात, खोटं नाही. पण मेंदूच्या देठातल्या राफे केंद्रांकडून, म्हणजे सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांकडून, सेरोटोनिनचे तंतू खाली मज्जारज्जूपर्यंत उतरतात, आणि त्वचेकडून आलेला निरोप वर किती जाऊ द्यायचा यात लक्ष घालतात. गोळीमुळे तिथे सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन हे निरोप पोचवणारं दुसरं रसायन, दोन्ही जास्त वेळ टिकतात, वेदनेचा निरोप दबतो. मला गोधडी सोसायला लागली ती त्यामुळे, आनंदी झाल्यामुळे नव्हे. बरं, सेरोटोनिन दर वेळी वेदना दाबतंच असंही नाही. पेशीवरच्या कोणत्या ग्राहीवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागेवर, बसतं त्यावर आहे, कधी वाढवतंही. खाजवलं की आणखी खाज सुटते, त्यातही त्याचा हात असल्याचं २०१४ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं. आणि तुमच्या मथळ्यात ते 'आनंदाचं रसायन'! जवळच्यांना मिठी मारा, हा सल्लाही छान. गोळीआधीच्या दिवसांत कोणी माझ्या पायांना मारायला हवी होती, मग ऐकवला असता आनंद.

लेख गुलाबी पानावर पांढऱ्या अक्षरांत छापला होता, तो भिंग घेऊन वाचावा लागला. शब्दकोड्याचं उत्तरही गेल्या रविवारपासून आलेलं नाही. निदान ४ उभा काय होतं, ते कळवा.

आपली,
एक जुनी वाचक, इंदिरानगर, नाशिक