चार डब्यांऐवजी एकच पाठवतेय

क्योतो,
जून 2025

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

लेकीसाठी माचाचे, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचे, चार डबे पाठव, असं तू लिहिलंस. एकच पाठवतेय. ताई, चार डबे एकदम मिळणं आता इथेही अवघड झालंय. गेल्या वर्षीच्या शरदात इप्पोदो, मारुक्यू कोयामाएन यांसारख्या जुन्या, नावाजलेल्या चहाच्या घराण्यांनीही एका गिऱ्हाइकाला किती द्यायचं यावर बंधन घातलं. क्योतोजवळच्या उजी या चहाच्या गावाला गेलं की दुकान उघडायच्या आधीच रांग लागलेली दिसते, आणि दुपारी फळ्या रिकाम्या.

ही मागणी कुठून आली ते तू मोबाइलवर रोजच पाहत असशील. हिरवागार रंग, वर दुधाचा फेस, आणि हातात पेला घेतलेला कुणीतरी. त्यात येन स्वस्त. 2024 मध्ये साडेतीन कोटींहून जास्त परदेशी पाहुणे जपानात आले आणि त्यातल्या कितीतरी जणांनी परतताना माचा नेला. जपानी चहाची निर्यातही त्या वर्षी 36 अब्ज येनच्या वर गेली. एवढी ती आधी कधीच झाली नव्हती.

मग जास्त का बनवत नाहीत, असं तू विचारशील. बनवतात की! माचा ज्या पानापासून दळतात त्याला तेन्चा म्हणतात, आणि त्याचं उत्पादन 2010 ते 2023 या काळात जवळजवळ तिप्पट झालं. तरी पुरत नाही, कारण या चहाला जो वेळ लागतो तो पैसे ओतून कमी होत नाही.

वसंतात कोवळे कोंब फुटले की मळ्यावर मांडव घालतात. पूर्वी बोरू आणि भाताच्या पेंढ्याचा असे, आता बहुतेक ठिकाणी काळी जाळी असते. खुडणीआधी तीन आठवडे किंवा त्याहूनही जास्त दिवस झुडपं सावलीत राहतात. ऊन मिळालं तर पानातल्या थिआनिन या गोडसर चव देणाऱ्या द्रव्याचं तुरट कॅटेचिनमध्ये रूपांतर होतं. सावलीत ते थिआनिन तसंच राहतं आणि चव गोडसर, भरीव होते. उजेड कमी म्हणून पान हरितद्रव्यही जास्त करतं, तो गडद हिरवा रंग त्यातूनच येतो. पानं खुडली की लगेच वाफवायची, उंच जाळ्यांत वाऱ्यावर उडवून मोकळी करायची आणि विटांच्या लांब भट्टीत वाळवायची. साध्या जपानी चहासारखी ती वळत नाहीत. मग देठ आणि शिरा काढून टाकायच्या. उरतो तो नुसता पानाचा गर.

आणि शेवटी दळण. आजीचं जातं आठवतं ना? तसंच, पण ग्रॅनाइटचं. आता ते यंत्रावर फिरतं, पण मुद्दाम सावकाश, कारण वेग वाढवला की दगड तापतो आणि वास जातो. एका जात्यातून तासाला फार तर 40 ग्रॅम वस्त्रगाळ पूड निघते. मी पाठवतेय त्या डब्यात तेवढीच आहे. या जात्यांनाही छिन्नीने टाकी लावावी लागते, आणि ते काम येणारे कारागीर थोडेच उरलेत. स्वस्त माचा दुसऱ्या यंत्रांवर भराभर दळतात, पण जात्यावरच्या पुडीचा मऊपणा त्यात मला कधी सापडला नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती पिकवणाऱ्यांची. चहा करणारी कुटुंबं 2000 सालच्या मानाने निम्म्याहूनही कमी झालीत. म्हातारी माणसं मळे सांभाळतात, मुलं शहरात. नवं झुडूप लावलं तर नीट पीक यायला पाचेक वर्षं लागतात, आणि तेन्चाची भट्टी बांधायची तर मोठा खर्च. तोवर ही आवड टिकेल का, हे कोण सांगणार? त्यातच गेल्या उन्हाळ्यातल्या भयंकर उकाड्याने क्योतोकडच्या झुडपांना झळ बसली आणि यंदा पीक कमी आलं. यंदाच्या वसंतात क्योतोच्या लिलावात तेन्चाचा सरासरी भाव किलोला 8,000 येनच्या वर गेला, गेल्या वर्षीच्या सुमारे पावणेदोन पट. शेतकऱ्याच्या हातात चार पैसे पडताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. इतकी वर्षं जपानी लोक बाटलीतला चहा पीत आले आणि चांगल्या पानाला भाव मिळत नव्हता.

एइसाई नावाच्या भिक्षूने 1191 मध्ये चीनहून परतताना चहाचं बी आणि पूड घुसळून पिण्याची रीत आणली, असं इथे सांगतात. आठशे वर्षं लोटली, तरी हा चहा जेमतेम काही घोटांत पितात. म्हणून माझं एक ऐकशील? पहिल्या खुडणीचा माचा दूध-साखरेत घालू नका. त्याची चव तिथे बुडून जाते. लेकीला लाटे किंवा केक करायचा असेल तर उशिराच्या खुडणीचा, थोडा कडवट माचा घ्या. दुधात तोच उठून दिसतो. आणि पुडक्यावरच्या ‘सेरेमोनियल ग्रेड’ या शब्दांवर जाऊ नका. त्याला जपानात कायद्याची कुठलीच व्याख्या नाही, कुणीही छापू शकतो. पूड पिवळट दिसली तर घेऊ नका.

करायचा असा: पूड आधी गाळणीतून चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या होतात. साधारण दोन ग्रॅम पूड, 70 मिली पाणी. पाणी उकळतं नको, 80 अंशांच्या आसपास. डब्याबरोबर बांबूची छोटी रवी ठेवलीय, नारा भागातल्या ताकायामा गावची. गोल फिरवू नका, मनगट सैल ठेवून पुढे-मागे झपझप घुसळा. नंतर रवी नुसत्या पाण्याने धुवायची, साबण नको. डबा उघडला की फ्रिजमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा.

रात्री मात्र देऊ नकोस, यात अख्खं पानच पोटात जातं, त्यामुळे कॅफिन बऱ्यापैकी असतं. आणि आईला जेवणाबरोबर अजिबात नको. तिच्या लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि चहाने लोह कमी अंगी लागतं. दोन जेवणांच्या मधे, गोळीच्या वेळेपासून लांब घेतला तर चालेल.

आईबाबांना नमस्कार, लेकीला गोड पापा. कसा झाला ते फोटो काढून कळव.

तुझी,
धाकटी