धाकट्याची निगेटिव्ह पाठवते आहे

चि. ताईस,
आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बोलता बोलता गप्प झालीस आणि "ठेवते गं" म्हणून फोन ठेवून दिलास. मलाही त्या वेळी काही सुचलं नाही. माझं निम्मं आयुष्य टचिंगच्या, म्हणजे निगेटिव्हवरचे डाग पेन्सिलने झाकायच्या, डेस्कवर मान खाली घालून गेलं. हातात पेन्सिल असली की मगच मला नीट विचार करता येतो. म्हणून हे पत्र. मधे गिऱ्हाईक आलं तर बाजूला ठेव आणि नंतर पुन्हा पहिल्यापासून वाच.

तू म्हणालीस, "धाकटा भाऊ तिकडे आघाडीवर, आणि मी इथे लोकांना हनुवटी जरा खाली घ्या म्हणून सांगत बसलेय. लाज वाटते मला." मग स्टुडिओला कुलूप लावून, कॅमेरा घेऊन आघाडीवर जायचं बोललीस. त्यावर मी काय म्हणणार ते पुढे येईलच. आधी वेगळंच सांगते. मी पंधरा दिवस तुझ्याकडे होते. तेवढ्या दिवसांत मी जे पाहिलं ते तुला दिसलेलं नाही, कारण तू कॅमेऱ्याच्या मागे होतीस.

धाकट्याला सोडून आलो त्या रात्री तू कुणाशी बोलली नाहीस, पण झोपायच्या आधी चारही बॅटऱ्या चार्जिंगला लावल्यास. सकाळी ब्लोअरने लेन्सवरची धूळ उडवलीस, फरशीवरच्या टेपच्या खुणेवर स्टूल ठेवलंस, सॉफ्टबॉक्स डावीकडे ओढलास आणि वेळेवर दार उघडलंस. पहिले आले ते एक आजोबा, पासपोर्टच्या फोटोसाठी. ३५ बाय ४५ मिलिमीटरची ती चौकट, तिच्यात चेहरा ठरलेल्या मापात बसवायचा, हसायचं नाही, मान वाकडी नको. फ्लॅश पडला की त्यांचे डोळे मिटायचे. सहा वेळा मिटले. ते बिचारे ओशाळले. तू म्हणालीस, "आजोबा, आता डोळे मिटूनच बसा, मी तीन म्हटलं की उघडा." सातव्याला जमलं. तुझ्या आवाजात तसूभर फरक नव्हता. मी पडद्याआड बसून तोंडावर पदर धरला होता.

मग तान्ह्या बाळाचा फोटो, मग कुणाच्या तरी आजीचा जुना फाटका फोटो स्कॅन करून जोडायचं काम. दुपारी पाठीला उशी लावून एडिटिंग. संध्याकाळी कागद कापताना तू एकदाच थांबलीस, फोनकडे पाहिलंस, आणि परत पट्टी नीट लावून कापायला लागलीस. रोज तेच, आणि रोज संध्याकाळी एकदा ते थांबणं. ते मी पाहिलं.

चौथ्या दिवशी ते कुटुंब आलं. गणवेशातला मुलगा, त्याचे आईवडील आणि बहीण. सगळ्यांचा एकत्र फोटो झाला. मग त्या बाई पुढे येऊन हळूच म्हणाल्या, "आता याचा एकट्याचा एक काढा." कुणीच काही बोललं नाही. एकट्याचा कशासाठी, हे तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं, त्या मुलालासुद्धा. तू काय केलंस आठवतंय? त्याला ताठ उभं केलं नाहीस. त्याच्या बाहीची घडी नीट करायला त्याच्या बहिणीला सांगितलंस. ती घडी घालून बाजूला सरली, आणि तो अजून तिच्याकडे बघतोय तोवर तू बटण दाबलंस. चौकटीत तो एकटाच आहे, पण त्या फोटोकडे पाहणाऱ्याला कळतं की समोर त्याचं माणूस उभं आहे. हे तुला कुणी शिकवलं गं? तुझ्या बाबांनी तर नाही. ते सगळ्यांना सरळ लेन्समध्ये बघायला लावायचे.

फाइल देताना तू त्यांना जवळ बसवून सांगितलंस, की दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवा आणि एक तरी कागदावर छापून घ्या. त्याच्या फोनवरून काढलेला फोटो आला तर त्यात जागेचा अक्षांश-रेखांश नोंदलेला असू शकतो, तो काढल्याशिवाय पुढे पाठवू नका. बिल्ला, मागची पाटी, वाहनाचा क्रमांक दिसत असेल तर कुठेच टाकू नका. त्या बाई मान हलवत होत्या आणि त्यांच्या मुलीने सगळं लिहून घेतलं. मी गेल्यापासून निघेपर्यंत असे अकराजण आले. मी मोजले. त्या अकराजणांच्या घरात आज जो फोटो आहे तो तू काढलेला आहे. याला तू हनुवटी खाली घ्या सांगत बसणं म्हणतेस, ते मला पटत नाही.

आता आघाडीचं. तुला जायचंच असेल तर मी आडवी येणार नाही. तुझं वय, तुझा निर्णय. पण तुझ्या बाबांच्या कपाटातली फोटोग्राफीच्या इतिहासाची पुस्तकं मीही वाचली आहेत, म्हणून बोलते. १८५५ साली रॉजर फेंटन क्रिमियाच्या युद्धावर घोड्याची गाडी घेऊन गेला, गाडीतच डार्करूम. ओल्या काचांवर काम, एक्स्पोजरला काही सेकंद लागायचे, त्यामुळे लढाई त्याला टिपताच आली नाही. साडेतीनशेच्या वर काचा घेऊन तो परतला, आणि त्यांत आहेत तंबू, घोडे, वाट बघत बसलेली माणसं, रस्त्यावर पडलेले तोफगोळे. धाकटा मागच्या वेळी काय म्हणाला? "आई, इथे दिवसातला बहुतेक वेळ वाट बघण्यात आणि सामान पुसण्यात जातो." मला फेंटनची ती चित्रं आठवली. युद्धाचे फोटो काढणारी गेर्डा टारो २६ वर्षांची होती, १९३७ साली स्पेनच्या युद्धात मारली गेली. तिचा सोबती रॉबर्ट कापा १९५४ साली इंडोचायनात सुरुंगावर पाय पडून गेला. ही नावं मी तुला घाबरवायला लिहीत नाही. तुला ती पाठ आहेत. मला लिहावंसं वाटलं, कारण रात्री झोप लागत नाही तेव्हा हीच डोक्यात येतात.

आणि फोटोग्राफर जॉर्ज रॉजर. एप्रिल १९४५ मध्ये तो बर्गेन-बेल्सनच्या छळछावणीत पोहोचला. समोर मृतदेहांचे ढीग, आणि त्याच्या लक्षात आलं की आपण चौकट चांगली दिसावी म्हणून त्या मेलेल्या माणसांची मांडणी जुळवतोय. त्याचा त्यालाच धक्का बसला, आणि पुढे त्याने युद्धाचे फोटो काढणं सोडलं. इतका सच्चा माणूस होता. तू त्याच जातीची आहेस, म्हणून मला काळजी. तिथलं काम ज्याला ते काम म्हणून करायचं आहे त्याने करावं, फार मोठं काम आहे. तुला भावाच्या जवळ जायचं आहे, आणि आघाडीवर गेलीस तरी तो कुठल्या टोकाला असेल आणि तू कुठल्या. तुझी आणि त्याची गाठ तिथे पडेलच असं कोण सांगणार?

दुसरी गोष्ट त्या कार्डची. तो निघाला तेव्हा तू सतत फोटो काढत होतीस. घरी आल्यावर कार्ड कॅमेऱ्यातून काढून पाकिटात घातलंस, पाकिटाला टेप लावलीस आणि खणात ठेवलंस. अजून उघडलेलं नाहीस, हे तू सांगितलं नाहीस तरी मला माहीत आहे. बघू नकोस. नाही बघवत तर नाही बघवत. पण कॉपी मात्र आजच करून घे, दोन वेगळ्या डिस्कवर, आणि त्यांतली एक स्टुडिओबाहेर ठेव. तूच मला समजावलं होतंस की मेमरी कार्ड ही साठवणीची वस्तू नव्हे, तिच्या पेशींतला विद्युतभार वर्षानुवर्षं पडून राहिला की हळूहळू झिरपतो. स्क्रीन बंद ठेवून कॉपी कर. बघायचे तेव्हा तिघं मिळून बघू.

तुला वाटतं, कॅमेरा डोळ्याला लावून तू त्याच्यापासून लपलीस. त्याला मिठी मारायची सोडून फोटो काढत राहिलीस. अगं, तो तुला ओळखतो. तू चौदा वर्षांची असल्यापासून तो तुझ्या लेन्ससमोर आहे. तू कॅमेरा खाली ठेवला असतास तर त्याला वाटलं असतं, ताई फार घाबरलेली दिसते.

परवा त्याचा फोन आला होता, तीन मिनिटं. म्हणाला, फोन इथे फारसा हातात नसतो, कागदावरचा फोटो पाठव, खिशात मावेल असा. मी म्हटलं, तुझे तर ढीगभर आहेत. म्हणाला, "माझे नकोत, ताईचा पाठव." मी अल्बम काढून बसले. चार अल्बम पाहिले. त्यात तू नाहीस. सहलीत नाहीस, वाढदिवसाला नाहीस, बाबांच्या शेवटच्या वर्षातल्या एकाही फोटोत नाहीस. सगळे तूच काढलेले. तुम्हा दोघांचा एकत्र म्हणावा असा एकच सापडला, बाबांनी काढलेला, १२० च्या फिल्मवर. तू दहाची, तो सहाचा, आणि दोघांच्या अंगात एकाच ताग्यातले कपडे. उरलेल्या तुकड्यातून त्याचा शर्ट बेतला होता मी.

तो फोटो पाहिला आणि एक गोष्ट आठवली. सांगू की नको असं दोन दिवस झालं. तुझ्यापासून मी कधी काही लपवलं नाही, म्हणून सांगते. जुलै १८६३ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात गेटिसबर्गला एक सैनिक मेलेला सापडला. ओळख पटेल असं जवळ काही नाही, फक्त हातात एक काचेवरचा फोटो, अँब्रोटाइप. तीन मुलं, दोन मुलगे आणि एक मुलगी, मधे सगळ्यांत धाकटा. त्या काळी वर्तमानपत्रांना फोटो छापता येत नव्हता. म्हणून ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्राने त्या फोटोचं शब्दांत वर्णन छापलं. मुलांची वयं, कोण कुठे बसलंय, आणि मोठ्या मुलाचा शर्ट बहिणीच्या झग्याच्याच कापडाचा आहे. ते वर्णन एकाचं वाचून दुसऱ्याने छापलं, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या एका छोट्या गावात एका बाईपर्यंत पोहोचलं. फोटोची प्रत मागवली तेव्हा तिची खात्री पटली. तिनेच तो नवऱ्याला पाठवला होता. एमॉस ह्युमिस्टन त्याचं नाव.

पूर्वी हे वाचलं की मला शेवट आठवायचा. आता ते कापड आठवतं. त्या बाईने एकाच कापडातून दोघांचे कपडे शिवले, त्यांना बसवून फोटो काढून घेतला, तो धाडला. आणि तो माणूस कुठे कुठे भटकला, पण तो फोटो त्याने शेवटपर्यंत हातातून सोडला नाही. आपला धाकटा परत येणार आहे. तो येईपर्यंत त्याच्या खिशात काय असावं एवढंच मला बघायचं आहे.

म्हणून निगेटिव्ह सोबत पाठवते आहे. त्या दिवशी तो जिन्यावरून पडला होता आणि डाव्या भुवईवर खोक पडली होती. प्रिंटमध्ये काळी रेघ आली असती, म्हणून मी टचिंगला बसले. निगेटिव्हवर ती जागा कोरी, उजळ होती. टोक काढलेल्या पेन्सिलने मी ती बारीक बारीक भरली. तेव्हा फार छान काम झालंय असं वाटलं होतं. इतकी वर्षं भिंतीवर तोच गुळगुळीत कपाळाचा फोटो आहे. काल रात्री टर्पेंटाइनचा बोळा घेऊन मी ती पेन्सिल पुसून काढली. हात थरथरत होता, पण इमल्शनला ओरखडा गेला नाही. लाइटबॉक्सवर धरली, भुवईवरची खूण जशीच्या तशी आहे.

तू याची प्रिंट कर. डार्करूम बंद असली तरी ट्रे आणि एन्लार्जर आहेतच. डेव्हलपर २० अंशांवर ठेव, फिक्सर ताजा घे, आणि धुताना घाई करू नकोस. फिक्सरमधला हायपो कागदात राहिला की कागद पिवळा पडतो. आकार खिशाएवढा. पहिल्या महायुद्धात सैनिक जो छोटा व्हेस्ट पॉकेट कोडॅक कॅमेरा बाळगायचे त्याची निगेटिव्ह साधारण ४ बाय ६.५ सेंटिमीटरची, त्याहून थोडा मोठा चालेल. मागे पत्ता नको, नावही नको. त्याला कशाला लागतंय नाव.

आणि दुसरा तुझा, आत्ताचा. ट्रायपॉड लाव, दहा सेकंदांचा टायमर लाव, आणि टेपच्या खुणेवरच्या स्टुलावर जाऊन बस, जिथे सगळ्यांना बसवतेस तिथे. कॅमेरा गळ्यात असू दे. मागे ते कापलेले कागद, चार्जरचे दिवे, जे काही असेल ते दिसू दे. त्याला ती खोली माहीत आहे.

पहिला फोटो स्कॅन करून छापशील तरी हरकत नाही. फक्त भुवईवर ब्रश फिरवू नकोस.

तुझी,
आई