बाबा, नाल्याकडचं वावर विकू नका

डर्बी, इंग्लंड
रविवार

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही म्हणालात, "नाल्याकडचं वावर काढून टाकू. लेकीच्या घरापेक्षा वावर मोठं हाये का?" मी काही बोलणार तोच रेंज गेली. पुन्हा लावला तर दादानं उचलला, म्हणाला रात्रीची लाईन आहे, बाबा बगीच्यात ओलित करायला गेले. म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही माझं अर्धं ऐकता आणि उरलेलं अर्धं आईला स्वतःच्या मनानं सांगता. हे पत्र फोटो काढून दादाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकते. तो वाचून दाखवेल, आणि त्याचं वाचून होईस्तोवर मधात कोणी बोलायचं नाही.

वावर विकायचं नाही. इथं आम्ही घेणार होतो ते घर हातचं गेलं, ते पैसे कमी पडले म्हणून गेलेलं नाही. तुम्ही उद्या दहा एकर विकले असते तरी गेलंच असतं.

दुसरं, इसार बुडाला का, हे तुम्ही तीनदा विचारलं. बुडाला नाही, कारण दिलाच नव्हता. इकडं भाव ठरला की विकणारा तोंडी हो म्हणतो, दारासमोरच्या पाटीवर 'विकलं' अशी चिठ्ठी चढते, पेढे वाटावेत असं वाटायला लागतं. पण कायद्यात त्या होकाराला काही किंमत नाही. दोन्हीकडचे वकील महिनोन् महिने कागद तपासतात आणि शेवटी सह्या केलेल्या करारपत्रांची अदलाबदल करतात. सौदा पक्का होतो तो त्या दिवशी. साधारण दहा टक्के रक्कमही तेव्हाच द्यायची. त्याच्या आधल्या दिवशीपर्यंत घेणारा हटू शकतो, विकणाराही हटू शकतो. कारण सांगावं लागत नाही, भरपाई द्यावी लागत नाही. जावयांनी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा म्हणाले, एवढ्या जुन्या देशात अशी पद्धत कशी काय टिकली? मलाही तो प्रश्न आहेच. वर स्कॉटलंडात म्हणे सौदा बराच लवकर पक्का होतो.

तेव्हा "कोर्टात खेच त्याले" हे इथं चालत नाही. आपल्याकडं सौदाचिठ्ठी हातात असली की खरेदी करून द्या म्हणून दावा लावता येतो. पण मोठ्या बाबांनी तसाच लावला होता आणि मोर्शीच्या तारखा करता करता त्यांच्या चपला झिजल्या, तेही आठवा. इथं दावा नाही, तारखा नाहीत, एक फोन येतो आणि संपलं.

तो फोन मला ड्युटीवर आला. वॉर्डात दुपारची औषधं वाटून झाली होती, मी डबा गरम करायला ठेवला होता. एजंटची पोरगी बोलत होती. आवाज गोड, बातमी कडू. मालकांनी घर विकायचं रहित केलं, फार वाईट वाटतं, तुमच्यासाठी दुसरी घरं दाखवू का? एका दमात बोलली. मायक्रोवेव्ह बंद झाल्याची शिटी वाजली तरी मी तशीच उभी. मग जेवले. बेसन होतं आणि पोळी. उपाशी राहून ड्युटी होत नाही हे आईनंच शिकवलं आहे. घरी येऊन जावयांना सांगितलं तेव्हा मात्र रडू आलं, ते काही लपवत नाही.

आता झालं काय ते नीट सांगते, कारण दादाकडून कळलं की तुम्ही पारावर "गोऱ्यानं फसवलं" असं सांगून बसले. फसवलं नाही, बाबा. इथं एका घराचा सौदा दुसऱ्या घराला बांधलेला असतो. आमचे मालक म्हातारा-म्हातारी. पोरं लांब गेलेली, जिने चढवत नाहीत, म्हणून हे घर विकून समुद्रकाठी स्केगनेसला एक बसकं घर घ्यायचं त्यांनी ठरवलं होतं. ते घर एका एकट्या आजींचं. आमचे पैसे यांना मिळणार, त्यातून हे आजींचं घर घेणार, सगळं एकाच दिवशी. आणि त्या आजी वारल्या. मालक वारला की वारसांना कोर्टाकडून प्रोबेट, म्हणजे त्याची मालमत्ता विकायच्या अधिकाराचा कागद, काढावा लागतो, तो हातात येईपर्यंत विक्री पुरी होत नाही. त्यात काही महिने सहज जातात. आमच्या म्हाताऱ्यांनी थोडं थांबून पाहिलं, मग त्यांचा धीर सुटला. म्हणाले, आता या वयात नको ती धावपळ, आहे तिथंच मरू. त्यांना काय बोलणार?

मी त्या घरात गेले होते तेव्हा आजोबांनी मला एक बिस्किटाचा डबा उघडून दाखवला. आत बॉयलरच्या सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या, वर्षावार, रबर लावून. एका कागदावर पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं, कोणत्या खिडकीला कोणती किल्ली, कोणत्या वारी कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर काढायचा. मागच्या नळाची चकती हिवाळ्यात जाते, तीसुद्धा नोंद. असा माणूस फसवायला निघालेला नसतो. मला राग यायला हवा होता, आला नाही, आणि त्यामुळे जास्तच अवघड झालं.

राग आला तो एजंटचा. आजी वारल्याचं त्यांना आधी ठाऊक असणार असा माझा संशय आहे. आम्ही वकिलाकडं रोज विचारत होतो आणि एजंट "सगळं मार्गावर आहे" म्हणत होते. असो.

2023 ची गोष्ट तुम्हाला आठवते ना, बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवलं ते साल? व्यापाऱ्यानं आपला आंबिया बहाराचा संत्रा झाडावरच मागितला, इसार देऊन गेला, आणि भाव उतरल्यावर फोनच बंद. फळ गळायला लागलं. तुम्ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मिळेल त्या भावात दुसऱ्याला तोडा दिला, आणि थंडीत बगीच्याचं पाणी तोडून, ताण देऊन पुढच्या बहाराला लागले. तेव्हा तुम्ही वावर विकायला काढलं नव्हतं. माझ्या एका घराचा बहार गेला तर का काढता?

तोटा किती झाला तेही सांगते, नाहीतर आईला झोप लागायची नाही. सगळं मिळून दीड हजार पौंडांच्या आसपास. वकिलानं केलेल्या कामाची फी गेली. सरकारी दप्तरात शोध घ्यायचे पैसे गेले. त्यात सांडपाण्याचा शोध वेगळा आणि कोळशाचा वेगळा, कारण हा जुना खाणींचा मुलूख, घराखाली एखादी विसरलेली खाण निघायची. घर तपासायला आलेल्या माणसाचेही गेले. तो दोन टोकांचं यंत्र भिंतीला टोचून ओल मोजत फिरला होता आणि त्यानं जाडजूड अहवाल दिला, धुराड्यापासून मोरीपर्यंत. आता तो अहवाल दुसऱ्याच्या घराचा. पण मोठी रक्कम, जी आम्ही जमवली, ती बँकेत जशीच्या तशी आहे. भाड्याच्या घराची नोटीस आम्ही दिली नव्हती. माझ्यासोबतची एक केरळची सिस्टर यातून गेलेली होती, तिनं बजावून ठेवलं होतं की करारपत्रं बदलल्याशिवाय सामान बांधायचं नाही. त्यामुळे डोक्यावर छप्पर आहे. छोटीची शाळा तीच.

आता वावराचं. तुम्हाला भावनेनं पटणार नाही, म्हणून व्यवहारानं सांगते. तो प्लॉटिंगवाला निम्मे पैसे नगदी देणार आणि निम्मेच कागदावर दाखवणार, हे तुम्हीच मला दिवाळीत सांगितलं होतं. नगदी पैसा इकडं आणता येत नाही. इथला वकील आणि बँक विचारतात, पैसा कुठून आला, खरेदीखत दाखवा, बँकेचं पासबुक दाखवा, आई-वडिलांनी परत मागणार नाही असं लिहून द्यावं. जो निम्मा पांढरा असेल तो पाठवताना, वर्षाला दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधीच घेते. रिटर्न भरला की त्याचा हिशेब होतो, पण तोवर अडकले. म्हणजे वावर पूर्ण जाणार आणि माझ्यापर्यंत त्यातला थोडाच येणार.

आणि यापेक्षा मोठी गोष्ट. मी बाहेर राहते तोवर मला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशानं आली तर ठेवता येते, पैसे देऊन नाही. आज ते दोन एकर गेले तर उद्या माझ्याजवळ कितीही पैसे असले तरी मी तुम्हाला ते परत घेऊन देऊ शकत नाही. नाल्याकडच्या विहिरीला अजून पाणी आहे, आपल्या भागात बोअर कोरडे पडून रायले असताना. ते पाणी पुन्हा कोणत्या भावानं मिळेल?

याच्याच जोडीला अजून एक. गावचं घर दादाच्या आणि माझ्या नावावर करून टाकतो, असं तुमचं दोन वर्षांपासून चाललं आहे. बाबा, सध्या माझं नाव लावू नका. इथं पहिलं घर घेणाऱ्याला तीन लाख पौंडांपर्यंतच्या किमतीवर स्टॅम्प ड्युटी माफ आहे, पण पहिलं म्हणजे जगात कुठंही आधी घर नसलेला. मोर्शी तालुक्यातलं मातीच्या भिंतींचं घरही त्यात धरतात, बक्षीस मिळालेलं असलं तरी. दादाच्या एकट्याच्या नावावर केलं तरी माझी काही तक्रार नाही, हे वहिनीसमोर वाचलं तरी चालेल.

आई, आता तुझं. "कोनाची नजर लागली बाप्पा" म्हणून तू मीठ-मोहरी उतरवत बसू नकोस. नजर लावायला आम्ही घर कोणाला दाखवलंच कुठं होतं? तूच पाहिलं होतंस व्हिडिओवर, आणि ओट्याकडं बघून म्हणालीस, "एवढुशा जागेत भाकर कुठं थापशील?" मला त्या दिवशी हसू आलं होतं, पण खरं सांगते, ओटा लहानच होता. गृहप्रवेशासाठी घेतलेलं लुगडं तसंच घडी घालून ठेव, ते कुठं जात नाही. पाहुण्यांनी विचारलं तर सांग, सौदा जुळला नाही, दुसरं बघून रायले. एवढंच. एजंट, प्रोबेट, स्केगनेस काही सांगत बसू नकोस. आत्याबाईंना तर मुळीच नाही, त्या मोर्शीच्या बसमध्ये बसायच्या आधी अर्ध्या गावाला कळवतील.

तू म्हणालीस, मग परत या ना. हे तू दरवेळी म्हणतेस आणि मी दरवेळी विषय बदलते. या वेळी बदलत नाही. घर गेलं त्या रात्री आम्ही दोघंही त्यावर बोललो. छोटीची शाळा, माझी इथली नोकरी, जावयांचं काम, हे सगळं मांडलं. सध्या तरी राहायचं ठरलं आहे. कायमचं नाही ठरलं. मन असं आहे की इथं घर बघायला गेले की अंगणात संत्र्याचं झाड लागेल का हे आधी बघते. लागत नाही. इथल्या थंडीत ते बाहेर तगत नाही.

पुढचं असं आहे की शनिवारी एक घर बघायला जातो आहोत. रिकामं आहे, मालक आधीच दुसरीकडं राहायला गेले, म्हणजे वर कोणाच्या सौद्याला बांधलेलं नाही. स्टेशनापासून लांब आहे आणि अंगण लहान आहे. पण ओटा मोठा आहे, एजंटच्या फोटोत तरी. बँकेला सांगून ठेवलं. कर्ज त्या जुन्या घरापुरतं मंजूर होतं, नव्या घराची किंमत ते नव्यानं तपासतील, व्याजाचा दर तेव्हा असेल तो. जमलं तर जमलं. या वेळी करारपत्रं बदलल्याशिवाय मी तुम्हाला काही सांगणार नाही, आणि तुम्ही पारावर काही सांगायचं नाही.

प्लॉटिंगवाल्याचा फोन आला तर दादाकडं द्या. दादाशी माझं बोलणं झालं आहे, त्याचंही मत माझ्यासारखंच आहे. तुमच्यासमोर बोलत नाही इतकंच. रात्रीच्या ओलिताला एकटे जाऊ नका, बॅटरी आणि काठी घेऊन जा, आणि गड्याला सोबत न्या.

आई, तू सालबर्डीच्या महादेवाला बोललेला नवस अजून फेडायचा नाही, घर झालेलं नाही. पण महाशिवरात्रीला दर्शनाला जायचंच असेल तर दादाच्या गाडीनं जा. तुझ्या गुडघ्यांनी तो डोंगर आता चढायचा नाही, खालूनच हात जोड. बीपीची गोळी सकाळी, विसरून दुपारी घेतलीस तर संध्याकाळी दुसरी घेऊ नकोस.

छोटीचा दोघांनाही पापा. जावयांचा नमस्कार.

तुमची लेक

ता. क. वहिनीला म्हणावं, तिनं पाठवलेलं अंबाडीचं लोणचं संपलं. कोणी येणार असलं तर दोन बरण्या पाठव, एक त्या केरळच्या सिस्टरला द्यायची आहे.